बाबा तिसऱ्या मजल्यावर राहिले त्याची हकिगत

तीर्थरूप आईंना,

जावयाचा नमस्कार. नमस्कार एकाच हाताचा आहे, कारण दुसऱ्या हाताने मी स्वतःचा कान धरला आहे. (मग पत्र कोणत्या हाताने लिहिलं, असा प्रश्न बाबांनी नक्की विचारला असता. तुम्ही विचारणार नाही, म्हणून तर तुम्हाला लिहितो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? चढताना दुखत असेल तर चढू नका, आणि उतरताना दुखत असेल तर वरच बसून राहू नका, एवढाच सल्ला मी अग्निशमन केंद्राचा प्रमुख या नात्याने देऊ शकतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची लेक खुशाल आहे. बाबाही खुशाल आहेत. त्यांची पाठ थोडी धरली आहे, पण ती उघड्या लादीवर तीन तास पडून राहिल्यामुळे, आजारपणामुळे नव्हे. ते लादीवर तीन तास का पडून होते, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा खटाटोप.

फोनवर का सांगत नाही, असं तुम्हाला वाटेल. एक तर मी फोनवर 'बाबा' एवढं म्हणतो न म्हणतो तोच तुमच्याकडचं दूध उतू जातं आणि तुम्ही फोन ठेवता. (गेल्या चार महिन्यांत ते सकाळी सातलाही उतू गेलंय आणि दुपारी चारलाही. एवढं दूध घेता कशाला?) दुसरं म्हणजे बाबा दिवसभर माझ्या आसपासच असतात. आत्ताही ते केंद्रात माझ्यासमोर बसून पाइपांची पितळी तोंडं फडक्याने पुसताहेत. मी खात्याला अर्ज लिहितो आहे, असं त्यांना सांगितलंय. कागद त्यांच्याकडूनच मागून घेतले. त्यांनी ते मोजून दिले आणि माझी सही घेतली. अर्जाला इतके कागद कशाला, असं विचारलं. म्हटलं, मोठ्या साहेबांना अर्ज आहे. त्या अर्थाने मी खोटं बोललेलो नाही.

मूळ भांडण तुमचं तुम्हाला माहीत आहे, पण आमच्याकडे ते कसं पोचलं ते सांगतो. चाळीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस निवृत्त होऊन घरी आला, आणि घरात त्याला सांभाळण्याजोगं एकच भांडार दिसलं, ते म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, इथवर तुम्ही सोसलंत. पण साखर घेताना सही करायची म्हणून त्यांनी फडताळाला वही टांगली, तेव्हा 'कोणी घेतली' या रकान्यात तुम्ही 'जिची आहे तिने' असं लिहिलंत (हे ऐकल्यापासून तुमच्याबद्दलचा माझा आदर दुप्पट झालाय), आणि मग शब्दाने शब्द वाढत 'तुमच्या देखरेखीवाचून हे घर चाळीस वर्षं चाललंय, पुढेही चालेल' असं बोलून गेलात. दुसरा कोणी असता तर रागाने एक वेळ उपाशी राहिला असता. बाबा पोटभर जेवले, ताट घासून जागेवर ठेवलं, त्याच वहीत स्वतःच्या नावापुढे 'बाहेर' अशी नोंद केली आणि पंधरा दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आले. त्याला आता चार महिने झाले. तुम्ही म्हणता, गेले तसे येतील. ते म्हणतात, बोलावलं तर जाईन. तुम्ही दोघंही आपापल्या जागी ठाम आणि मधल्या मध्ये फरफट आमची. पण एक सांगतो, आई, त्यांना घरी जायचंय. तोंडाने कबूल करत नाहीत, पण रोज संध्याकाळी चालत बस स्टँडवर जातात, तुमच्या गावच्या गाडीचं वेळापत्रक उभ्याने वाचतात आणि परत येतात. विचारलं तर म्हणतात, छपाईच्या चुका फार आहेत.

आल्यावर पहिले आठ दिवस ते घरात बसले. नवव्या दिवशी तुमच्या लेकीला आपल्या एका डब्यावर चिठ्ठी दिसली, आणि तिने मला बाजूला घेऊन अगदी शांतपणे सांगितलं की उद्यापासून बाबा तुझ्याबरोबर कामावर येतील. (ती शांतपणे बोलते तेव्हा मी वाद घालत नाही. हा गुण तिने कोणाकडून घेतला, हे मी लिहीत नाही.)

आता आमचं केंद्र म्हणजे काय, तर सहा माणसं, एक मोठा बंब आणि एक छोटा बंब, जो फक्त उतारावर चालू होतो. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर ज्वाळांत उड्या मारतो. आई, या गावात महिन्यातून एखादी आग लागते, तीही कचऱ्याला. बाकीचा महिना आम्ही लोकांच्या बोटांत रुतलेल्या अंगठ्या कापतो, किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलेल्यांच्या खिडक्यांतून आत शिरतो, गटारात पडलेले चष्मे काढतो आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी दाराबाहेरून गप्पा मारतो. एका गृहस्थांनी तर शेजाऱ्याचा रेडिओ बंद होत नाही म्हणून बंब बोलावला होता. बाबांनी नोंदवहीत 'आगीचं स्वरूप' या रकान्यात 'धूर नाही, नुसता आवाज' असं लिहिलं. आणि जिन्यांचं तर विचारूच नका. जिन्यात सामान ठेवू नका, आग लागली तर पळायला वाट राहत नाही, हे मी पाच वर्षं घसा कोरडा करून सांगत होतो. लोक माना डोलवायचे आणि आणखी एक कपाट आणून ठेवायचे. बाबांनी भाषण केलं नाही. ते वही घेऊन जिन्यात उभे राहायचे, प्रत्येक वस्तूपाशी थांबून 'ही कोणाची?' एवढंच विचारायचे आणि लिहून घ्यायचे. पुढे काही करायचे नाहीत. आता कोपऱ्यावर त्यांची छत्री दिसली की अख्खी गल्ली सायकली, कुंड्या आणि मोडक्या खुर्च्या उचलून घरात घेते. हे काम माझ्या हातून झालं नव्हतं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण त्यांची सगळ्यात मोठी करणी म्हणजे बिल्ल्यांचा फळा. केंद्रातल्या प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक मोठ्या वस्तूला त्यांनी एकेक पितळी बिल्ला दिला. बाहेर जाताना खुंटीवरचा आपला बिल्ला न्यायचा, आल्यावर परत टांगायचा. फळा भरला की समजायचं, सगळे सुखरूप आले. एक ते सहा आम्ही माणसं, सात शिडी, आठ पंप, आणि नऊ म्हणजे भाऊसाहेब. भाऊसाहेब हा आमचा सरावाचा पुतळा. जाड कापडाचा, आत वाळू भरलेला, वजन पासष्ट किलो. (तो स्वतः काही करत नाही आणि त्याला सगळ्यांनी उचलून धरावं लागतं, म्हणून हे नाव.) मी म्हटलं, बाबा, दहा नंबर तुम्ही घ्या. तर म्हणाले, मी तुमच्या खात्याच्या नोंदीत नाही, मला बिल्ला देता येणार नाही. मी आग्रह केला नाही. करायला हवा होता, हे आता कळतंय.

तर नऊ दिवसांपूर्वी आम्ही गावच्या वाचनालयात बचावाचं प्रात्यक्षिक ठेवलं. तीन मजली इमारत, वाचनालयाला त्या दिवशी सुट्टी, एका नाटक कंपनीकडून धुराचं यंत्र मागून आणलेलं, रस्त्यावर बघ्यांची गर्दी. अडचण एकच होती. भाऊसाहेबांची कमरेची शिवण उसवून वाळू गळायला लागली होती, म्हणून त्यांना शिंप्याकडे टाकलं होतं. मग जखमी कोण होणार? बाबा पुढे झाले. मी त्यांच्या गळ्यात कार्ड अडकवलं : 'बेशुद्ध. उजवा पाय मोडलेला. स्वतःहून हालचाल करू शकत नाही.' तिसऱ्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत त्यांनी आधी लादी पुसली, चष्मा खिशात ठेवला आणि साडेदहाचं प्रात्यक्षिक असताना दहा पंचवीसलाच बेशुद्ध झाले. उशीर झालेला त्यांना खपत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आता आमच्या गावचा शिंपी. या माणसाने आयुष्यात कधी सांगितलेल्या वेळी कपडे दिलेले नाहीत. त्या दिवशी मात्र तो वेळेच्या आधी आला. आम्ही वाचनालयात आहोत असं कळलं म्हणून भाऊसाहेबांना हातगाडीवर घालून तिथेच घेऊन आला, आणि आम्ही मागच्या बाजूला छोटा बंब ढकलत होतो तेवढ्यात, यांना कशाला त्रास, अशा भलेपणाने, एकाला हाताशी धरून पुतळा दुसऱ्या मजल्यावर वाचनकक्षात नेऊन निजवला आणि निघून गेला. साडेदहाला धूर सोडला. स्वतःचा हात दिसेना. आमचा लंबू (शिडीवरचा गडी, उंचीमुळे त्याला शिडी जवळजवळ लागत नाही) सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या हाताला पाय लागला. ओळखीचा पाय, ओळखीचं वजन. चार वर्षं हाच माणूस उचललाय. तीन मिनिटं चाळीस सेकंदांत भाऊसाहेब खाली रस्त्यावर. टाळ्यांचा कडकडाट. तुम्ही म्हणाल, सासऱ्यांच्या जागी पुतळा बाहेर आला, ते दिसलं नाही का? दिसलं ना! पण भाऊसाहेबांना बाहेर येताना पाहायची आमच्या डोळ्यांना इतकी सवय की कोणाला काही वावगं वाटलंच नाही. उलट मी वाकून शिवण पाहिली आणि छान झालीय असं म्हणालो. मग मी लोकांपुढे भाषण केलं. त्यात 'आम्ही कोणालाही मागे सोडून येत नाही' हे वाक्य होतं. ते मी दोनदा म्हटलं. चहा झाला, बिस्किटं झाली, ग्रंथपाल बाईंनी दाराला कुलूप घातलं, आम्ही केंद्रात आलो, सगळ्यांनी आपापले बिल्ले टांगले, भाऊसाहेबांचा मी स्वतः टांगला. नऊच्या नऊ खुंट्या भरल्या. फळा पाहून मला फार समाधान वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुपारी डबा उघडला आणि माझ्या मनाला कसली तरी चुटपुट लागली. आमच्या धंद्यात वर्षं काढली की माणसाला धोक्याचा वास आधीच येतो. मी घास खाली ठेवला, उभा राहिलो आणि म्हणालो, बाबा कुठे आहेत? पुढच्या मिनिटाला मोठा बंब घंटा वाजवत वाचनालयाच्या दारात. दाराला कुलूप. कुलूप तोडायचं अवजार आमच्याकडे आहे, पण ते बाबांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात. शेवटी ग्रंथपाल बाईंना दुपारच्या झोपेतून उठवून बंबात घालून आणलं. (त्यांना वाटलं, वाचनालय पेटलं. प्रात्यक्षिक इतकं खरं वाटतंय याचा मला त्या घाईतही क्षणभर अभिमान वाटला.) जिने चढताना मला काय काय सुचत होतं, ते लिहीत नाही.

बाबा होते तिथेच होते. सरळ उताणे, डोळे मिटलेले, छातीवर कार्ड. मी घाबरलो, आई. अगदी खरं सांगतो, वीस वर्षांच्या नोकरीत इतका घाबरलो नव्हतो. गुडघ्यांवर बसून त्यांना हलवलं, त्यांचा पाय धरला. तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "उजवा. कार्ड वाचा. तुम्ही डावा धरलाय." मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडलो, की तुम्ही उठून खाली का नाही आलात? म्हणाले, हालचाल करू शकत नाही असं लिहिलंय. मग लंबूने त्यांना उठवून बसवलं, पाणी दिलं, आणि थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "एकदा वाटलं उठावं. मग म्हटलं, आपण उठून गेलो आणि मागून कोणी शोधायला आलं तर?" त्यांना खाली नेताना मात्र त्यांनी उजवा पाय टेकू दिला नाही. प्रात्यक्षिक अर्धवट राहू नये, असं त्यांचं म्हणणं.

तर एवढंच. काळजीचं कारण नाही, पाठीला शेक चालू आहे. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. या पत्राला उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल, माझी काहीही अपेक्षा नाही. माझ्यावर राग असेल तर तो पत्रानेच कळवा, कारण फोनवर दूध उतू जातं.

आपला,
कान धरलेला जावई

ता. क. घरी पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात तुमच्या लेकीने ते हातातून ओढून घेतलं आणि चुटपुटीचा भाग मोठ्याने वाचून हसत सुटली. ती म्हणते, हे तू आईला लिहितोस? आईला? म्हणून खरं लिहितो. मला कसलीही चुटपुट लागली नव्हती. मी डबा पूर्ण खाल्ला होता. तुम्ही रोज सव्वा वाजता, बाबा केंद्रातून घरी येऊन जेवायला बसलेले असतात तेव्हा तिला फोन करता, जेवणाआधीची गोळी घेतली का ते विचारता, आणि ती 'हो, दूधवाला येऊन गेला' असं उत्तर देते, हे मला चार महिन्यांत पहिल्यांदाच कळलं. (म्हणजे दूध दोन्ही घरांत आहे आणि मूर्ख मी एकटाच.) त्या दिवशी ती म्हणाली, आई, दूधवाला अजून आलाच नाही. तुम्ही म्हणालात, ते जेवायला उशीर करणाऱ्यांतले नाहीत, आधी त्यांना शोध. तिने दुसऱ्या फोनवरून मला विचारलं. मी फळ्याकडे बघून सांगितलं की चिंता नको, सगळे परत आलेत. ते तिने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही जे म्हणालात ते तिच्या फोनमधून माझ्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं : "फळा गेला खड्ड्यात, माणूस कुठाय ते बघ म्हणावं." मग बाबा सापडेपर्यंत पंचवीस मिनिटं तुम्ही फोन कानावरून काढला नाहीत. सापडल्याचं कळलं तेव्हा 'त्यांना सांगू नकोस' एवढं बोलून ठेवलात.

ता. क. २. माझी काहीही अपेक्षा नाही असं वर लिहिलंय, तेही खरं नाही. बाबांनी या प्रकाराचा तीन पानी अहवाल तयार केलाय. आमची कोणाची तक्रार केलेली नाही. पुतळ्याला बिल्ला आणि माणसाला नाही, ही चूक माझी, असं स्वतःवरच घेतलंय. पण अहवाल नऊ दिवस टेबलावर पडून आहे, कारण त्यात एक रकाना आहे : 'माणूस मागे राहिल्याचे प्रथम कोणाच्या लक्षात आले?' आणि तो कोरा आहे. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या. त्यांनी काही न लिहिता पेनाला टोपण लावलं. तेव्हापासून रोज सकाळी ते अहवाल उघडतात, तो रकाना बघतात आणि मिटतात. आई, एवढा एक रकाना भरायची मला परवानगी द्या. हे सगळं पत्र मी त्यासाठीच लिहिलं.

ता. क. ३. परवानगी नको. आज सकाळी पत्र केंद्रातल्या टेबलावर पालथं घालून मी एका बाईंची अंगठी कापायला गेलो होतो. परत आलो तर पत्र सुलटं होतं. बाबांनी त्यात पेन्सिलने एक दुरुस्ती केली आहे (तीन तास नव्हे, तीन तास वीस मिनिटं), आणि अहवालातला रकाना त्यांच्या सुवाच्य अक्षरात भरलाय : 'पत्नीच्या. ती त्या वेळी घटनास्थळापासून तीनशे ऐंशी किलोमीटरवर होती.' खाली सही आणि तारीख. फक्त म्हणाले, टपालाचा काही भरवसा नाही, हे पत्र मीच घेऊन जातो. सामान बांधलंय, साडेअकराच्या गाडीने निघताहेत, आणि पाकीट बंद करा म्हणून माझ्यामागे घाई लावलीय. म्हणजे हे पत्र तुमच्या हातात त्यांनीच दिलेलं असणार, आणि तुमचं वाचून होईपर्यंत ते सामान घेऊन दाराबाहेर उभे असणार. आई, पत्र इतकं लांबवल्याचं मला आता फार वाईट वाटतंय. त्यांना आत घ्या.